सुट्या भागांची सोयरीक

“पोरगी कुठली? वय काय? अंगावर डाग-बिग हायेत का?”

काष्टीच्या दत्तूनानांचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. फोन मी लावला होता, तोही अंगणात सडत पडलेल्या एका जुन्या गाडीबद्दल. पारनेरच्या हायस्कुलात उभा जन्म गणित शिकवण्यात गेलेल्या बाईला असले प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नाही. “तुमच्या घरात आयाबहिणी आहेत की नाहीत?” असं खणखणीत विचारून मी फोन आपटला. मोबाईल आपटता येत नाही, तरी आपटला. थोड्या वेळानं त्यांचाच उलटा फोन आला. आवाज पार पडलेला. “बाई, चुकलं. मी गाडीचंच इचारत हुतो. आमच्यात पार्टाला पोरगी म्हनत्यात. सवय लागलीय जिभंला.”

ही गाडी माझ्या नवऱ्यानं, विलासनं, नगरला लष्कराच्या एका लिलावात उचललेली. कुणा साहेबानं फार पूर्वी विलायतेहून आणलेली, दोन माणसांची, कापडी छताची, बुटकी आणि पळायला तेज अशी ती म्हणे शर्यतीची गाडी. घरी आणल्या दिवशी विलासनं इंजिन खोललं, ते खोललेलंच राहिलं. विलास गेला तो अचानक, शाळेला निघता निघता. त्यानंतर काही वर्षं गाडी ताडपत्रीखाली होती. शेजारच्या कोंबड्या आत अंडी घालायला लागल्या तेव्हा मी वैतागून भंगारवाल्याला बोलावलं. लोखंड न्यायला त्यानं पाथर्डीचा एक जीपवाला आणला होता, शेषराव नावाचा. त्यानं ताडपत्री उचलली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मॅडम, ही तोडू नका बरं. आधी काष्टीच्या नानाला फोन लावा.” म्हणून तो फोन.

नाना बघायला आले ते रीतसर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात केळ्यांचा घड, पन्नाशी उलटलेला उंच, थोडा वाकलेला माणूस. नखांत काळं ग्रीस, ते काही केल्या निघत नसावं. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, पाऊसपाणी विचारलं आणि मगच म्हणाले, “बघू का आता?” बॉनेट उचलायच्या आधी माझ्याकडं वळून परवानगी घेतली. मग खाली पोतं टाकून गाडीखाली शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. बाहेर आले तेव्हा डोक्यात कोंबडीची पिसं आणि तोंडभर हसू. “बाई, म्होरल्या काचंची चौकट साबूत हाय! आमच्याकडं तेवढीच न्हाई. देशभर हिंडलो तिच्यापायी.”

अशीच एक गाडी त्यांनी पुण्याच्या एका गोदामातून सांगाड्याच्या रूपात आणली होती आणि काष्टीला कांद्याच्या चाळीत ठेवली होती. चाळीत निम्मे कांदे आणि निम्मे पार्ट. दिवे, पंखे, पिस्टन, घड्याळासारखे काटे, सगळं आईच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून फळ्यांवर मांडलेलं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, थेट इंदूरपर्यंत या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं आहेत आणि त्यांचा मोबाईलवर ग्रुप आहे. नानांनी त्या अख्ख्या ग्रुपला आपली बोली शिकवली होती. गाडी म्हणजे सासर. पार्टावरचा नंबर म्हणजे पत्रिका. गंज म्हणजे डाग. बसला तर ‘नांदती’, नाही बसला तर ‘माहेरी आली’. इंदूरचा एक बिल्डर तर “हमारी लड़की के लिए अच्छा घर बताओ, नानाजी” असं लिहायचा. डॉक्टर, वकील सगळे त्याच भाषेत. मी आधी नाक मुरडलं, मग मलाही हसू यायला लागलं.

त्यांचा नियम मात्र कडक. कुरियर नाही. “पोरगी कुरियरनं धाडत्यात व्हय? माणसानं यावं, बघावं, न्यावं.” पैसे घ्यायचे नाहीत, पार्टाला पार्ट. आणि आलेला माणूस जेवल्याशिवाय हलू द्यायचा नाही. पिठलं-भाकरी, ठेचा, वर हरभऱ्याचे दिवस असले तर आगटीत भाजलेला हुळा. स्वयंपाक स्वतः करायचे. पार्ट गाडीत ठेवला की नाना त्यावर हात ठेवून म्हणायचे, “लाडाची हाय. नीट नांदवा.” पुण्याचा माणूस दौंडच्या फाट्याला वळेपर्यंत रस्त्यावर उभे राहायचे. मग चाळीत येऊन रिकाम्या ताटांकडं बघत बसायचे. चौकट द्यायच्या आधी एकदा मी काष्टीला जाऊन आले, तेव्हा ते पाहिलं आणि मला कळलं, की दार वाजावं म्हणून हा सगळा खटाटोप चाललाय.

घरात दुसरं कुणी नव्हतं. धाकटा भाऊ चाकणला नोकरीला, आई त्याच्याकडं नातवंडं सांभाळायला. नानांचं लग्नच झालेलं नव्हतं. मला आडून विचारायची सवय नाही, सरळ विचारलं. म्हणाले, “व्हायचं ऱ्हायलं.” वडील अंथरुणाला खिळले, मग भावाचं शिक्षण, मग त्याचंच आधी लग्न. “पोरी लई बघितल्या बाई. पोहे खाऊन खाऊन तोंड आंबलं. येकीला जमीन बागायती पायजे, येकीला पुन्यात फ्लॅट. येकीनं तर मला बघितलंच न्हाई, दाराआडून म्हनली, शेतकरी नको. खरं हाय तिचं. मग येक दिस असा आला की लोकांनी माझं वय इचारायचं सोडलं. तवा समजलं, आपन बादमधी गेलो.” एवढं बोलून त्यांनी एक झाकण उचललं आणि रॉकेलच्या डब्यात घासत बसले.

हे सगळं ऐकल्यावर माझ्यासारख्या बाईनं चौकट कशाला अडवून ठेवायची? मी म्हटलं, न्या. “मोबदल्यात काय देऊ?” म्हणाले. मला काय हवं असणार? गाडीतलं मला चाकही कळत नाही. म्हटलं, “तुमची गाडी सुरू झाली की मला एक फेरी मारून आणा. विलासनं कबूल केली होती, राहिली.” नाना गंभीरपणे म्हणाले, “सबूद दिला.”

रविवारी शेषरावाची जीप घेऊन नाना पारनेरला येणार, चौकट घेणार आणि देणारं घर म्हणून मीही जेवायला काष्टीला जाणार, असं ठरलं. शेषरावाशी हे फोनवर ठरवताना नाना मोठ्यानं बोलले, कारण जीपच्या आवाजात शेषरावाला ऐकू येत नसे. “पारनेरची हाय. पत्रिका जुळली. घरच्यांचा होकार हाय. रविवारी घरीच आनतो म्हनलं, आता कशाला लांबवा?” आणि नेमकी त्याच आठवड्यात आई सुनेशी काहीतरी बिनसलं म्हणून चाकणहून काष्टीला आलेली. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मुलाची ही पार्टांची बोली तिला ठाऊक नव्हती. ती कशी असणार? ती घरातून गेली तेव्हा चाळीत नुसते कांदे होते.

रविवारी जीप काष्टीला पोचली. मी पुढं बसले होते. अंगावर शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसते ती हिरवी साडी, कारण जेवायला जायचं म्हणजे जरा बरं दिसावं. घरासमोर सडा, रांगोळी. भावकीतल्या दहा-पंधरा बायका, नवी लुगडी. मला वाटलं, गावात काही कार्यक्रम असेल. मी उतरले तोच एक ठेंगणी म्हातारी हातात ताट घेऊन पुढं आली. भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. आणि मी काही बोलायच्या आत करंगळीशेजारच्या बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

विलास गेल्यापासून मला कुणी कुंकू लावलं नव्हतं. हळदीकुंकवात मला वगळून ताट पुढं जायचं. मी स्वतः टिकली लावते, त्याबद्दल कुणाचं ऐकून घेत नाही. पण दुसऱ्याच्या हातानं कपाळाला लागलेलं कुंकू वेगळं असतं. मी, गणिताची बाई, काय चाललंय हे कळत असून तशीच उभी राहिले. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं होतं. म्हातारी माझा हात धरून म्हणाली, “उजव्या पायानं गं पोरी. हळू. माजा दत्तू लई गुनाचा हाय.”

मी मागं वळून नानांकडं पाहिलं. ते जीपच्या दाराला धरून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

बोलला तो शेषराव. त्यानं मागचं फाळकं खाली पाडलं होतं आणि लुगड्यात गुंडाळलेली चौकट एकटाच ओढत होता. “आवो नाना, पोरीला धरा की! पडंल ना खाली!” लुगडं सुटलं. काच उन्हात चमकली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी तोंडाला पदर लावून फिसकन हसलं.

म्हातारीनं आधी काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग लेकाकडं. “ही व्हय पोरगी?” नानांनी मान हलवली. मला वाटलं आता ही रडणार, नाहीतर शिव्या घालणार. तिनं ताटातला उरलेला तुकडा उचलला आणि त्या चौकटीवरून ओवाळला. “बरं हाय. ती बी घरातच आलीया. आना आत.” मग वाकून, गुडघ्यावर हात देत, तिनं उंबऱ्यावरचं माप उचललं आणि आत नेऊन कणगीत रिकामं केलं. मी मागोमाग गेले. “मावशी, माफ करा,” म्हटलं. ती म्हणाली, “तुजा काय दोस? मला वाईच घाई झाली.” पुरणपोळी केली होती. आम्ही सगळे जेवलो.

त्या दिवसापासून नानांची ती बोली बंद झाली. फोनवर म्हणायचे, “डाव्या दिव्याचं कडं हाय का? नंबर सांगतो, लिवून घ्या.” ग्रुपवरची माणसं चेष्टा करायची, नाना, आमच्या लेकींवर रुसलात का? नाना नुसता पार्टाचा नंबर लिहायचे. पाठवणी नाही, नांदणं नाही. पार्ट द्यायचा, जेवू घालायचं, झालं. मला ते सहन होत नव्हतं. मी मुद्दाम म्हणायचे, “नाना, आमच्या रेडिएटरची पत्रिका बघा ना.” ते पाना शोधायला वाकायचे.

मी मात्र दर रविवारी जायला लागले. श्रीगोंद्याला एसटी बदलून जायचं म्हणजे हाडं खिळखिळी व्हायची. गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं, माझ्या शाळेतही कुजबुज झाली. मी कुणाला भीक घातली नाही. विलासची अख्खी गाडी हळूहळू नानांच्या गाडीत गेली. मावशी आता काष्टीलाच राहिल्या. ओट्यावर बसून आम्हा दोघांकडं बघायच्या. मी निघताना न चुकता कुंकू लावायच्या. आणि मी लावून घ्यायचे. खरं सांगते, पारनेरपर्यंत पुसायचे नाही.

थंडीतल्या एका सकाळी इंजिन लागलं. आवाज असा की चाळीतली कबुतरं उडाली. पहिल्या फेरीला नानांनी आईला बसवलं. तिनं दोन्ही हातांनी पदर धरला आणि आठवडे बाजार भरलेल्या गावातून मिरवून आली. “वारं लई लागतंय, पन बरं वाटतंय,” हे तिनं वाटेत भेटेल त्याला सांगितलं. त्याच थंडीत ती गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. झोपली ती उठलीच नाही.

आणि मग काय झालं? गाडी पुरी झाली होती. नानांना कुणाकडून काही नको होतं, त्यामुळं कुणी यायचं कारणही राहिलं नव्हतं. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि आपापल्या कामाला लागले. रविवारी मी जायचे तेवढंच. बाकी आठवडाभर हा माणूस त्या घरात काय करत असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्याही घरी कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नसतो.

वर्षश्राद्ध झाल्यावर माझी फेरी झाली. दौंडच्या रस्त्यानं, दोन्ही बाजूंना ऊस, गाडी गुळगुळीत पळत होती. भीमेच्या पुलाअलीकडं त्यांनी ती बाजूला घेतली. मला वाटलं, आता बोलतील. पुसायला काही नव्हतं तरी काच पुसत बसले. मग मीच म्हटलं, “नाना, मी सरळ बोलते. तुम्ही एकटे, मीही एकटी. लग्न करू. मला लोकांची फिकीर नाही आणि तुम्हाला असू नये.”

नानांनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, “त्या दिशी तुमी उतरला, आईनं माप ठेवलेलं. मी तवाच वरडून सांगू शकलो असतो, आई, चुकलीस. न्हाई सांगितलं. मला वाटलं, हुतंय ते हुऊ दे. पाय लागू दे मापाला. येवढंच मागत हुतो देवाकडं. तेवढ्यात शेषराव बोलला.” त्यांनी किल्लीला हात घातला. “मला इचार करू द्या बाई. रविवारी सांगतो.”

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. दहावीच्या वर्गाला तेच प्रमेय दोनदा शिकवलं. पोरं हसली, मीही हसले. चाळिशीतली नव्हते, पन्नाशीला टेकलेली होते, आणि आरशासमोर उभी राहून साड्या लावून बघत होते. आता लपवून काय करायचं?

रविवारी काष्टीला पोचले. चाळीचं दार उघडं. नाना फळीवर बसलेले. मी गाडीपाशी गेले, डावीकडचं दार उघडलं, आणि बघतच राहिले. ड्रायव्हरशेजारची सीट नव्हती. पत्र्याला चार भोकं होती, बोल्टांची.

“इंदूरवाला आलता,” नाना म्हणाले. “त्याची फाटली हुती. दोन दिस ऱ्हायला. लई बोलला.”

“चालत्या गाडीची सीट कुणी देतं का?” मी ओरडलेच. “दुसरी द्यायची होतीत! नाही म्हणायचं होतंत! आणि मला काय सांगणार होता तुम्ही आज?”

“हेच.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, तोंडानं बोलायचं धाडस नाही म्हणून पान्यानं उत्तर देता? तुम्हाला बाई नको होती तर दर रविवारी जेवायला का थांबवलंत? तुमच्या आईनं लावलेलं कुंकू मी काय गंमत म्हणून मिरवलं? मी खूप बोलले. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून माझ्यासमोर आले आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलले.

“बाई, नको न्हाई वो. लई पायजे. म्हनूनच. मला येकट्यानं ऱ्हायची सवय हाय, ती मी नीट बसवलीया. तुमी येऊन बसला, आन येक दिस उतरून गेला, तर मला परत न्हाई बसवता यायची. सीट ऱ्हायली असती तर मी हो म्हनलो असतो. म्हनून आधी ती दिली.”

“मी उतरणारी बाई नाही, नाना,” मी म्हटलं. रडत होते बहुतेक.

“व्हय,” ते म्हणाले. “आई बी म्हनायची, मी कुठं जात न्हाई.”

जन्मभर मी वाद घालत आले. विद्यार्थ्यांशी, हेडमास्तरांशी, दिरांशी. या एका वाक्यावर मला काही सुचलं नाही, कारण विलासही निघताना दारातून म्हणाला होता, आलोच. नानांच्या हातावर क्षणभर हात ठेवला. ग्रीस लागलं. मग एसटी धरली.

त्यानंतर मी काष्टीला गेले नाही. शेषराव कधी पारनेरकडं आला की सांगतो: नानांच्या गाडीचे दिवे नाशिकला गेले, गिअरबॉक्स कोल्हापूरला, माणसं येतात, जेवतात, जातात. दर रविवारी दुपारी मी फोन लावते. ते लगेच उचलतात, जवळच ठेवत असावेत. मी विचारते, या आठवड्यात काय दिलं? ते सांगतात. मग पुष्कळ वेळ आम्ही दोघंही काही बोलत नाही, आणि फोन कुणीच ठेवत नाही.